८० टक्के खाटा: करोनाकाळातल्या सरकारी आणि खाजगी रुग्णालयांचा हिशेब

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं दोन वर्षं मनात होतं, पण नोकरीत असताना लिहिणं बरं दिसलं नसतं. आता निवृत्त झालोय.

मी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागात बत्तीस वर्षं काढली. ग्रामपंचायती, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांची दप्तरं तपासण्यात आयुष्य गेलं. जून २०२० मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयातून आदेश आला की अमुक खाजगी रुग्णालयात करोना रुग्णांच्या बिलांची तपासणी करायला हजर व्हा. गाव सांगत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं जिल्ह्याचं ठिकाण आहे एवढं पुरे. बिलिंग काउंटरच्या मागे एक टेबल मिळालं, एक पंखा, आणि समोर काचेपलीकडे नातेवाईक. त्या टेबलावरून जे दिसलं ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. २१ मे २०२० ला राज्य शासनाने अधिसूचना काढली आणि खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा शासनाच्या दराखाली आणल्या. वॉर्डातल्या विलगीकरणाला दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. उरलेल्या २० टक्के खाटांवर रुग्णालयाचा स्वतःचा दर. यासाठी १८९७ चा साथरोग कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा, अगदी धर्मादाय संस्थांचा १९५० चा कायदासुद्धा एकत्र बांधला होता. एवढ्या कायद्यांची मोट बांधावी लागली, कारण खाजगी रुग्णालयाच्या दराला हात घालणारा एकही सरळ कायदा आपल्याकडे नव्हता. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलाच नाही.

त्या ४,००० मध्ये खाट, नर्सिंग, डॉक्टरांची भेट, जेवण, रक्त-लघवीच्या नेहमीच्या तपासण्या, एक्स-रे, ईसीजी, नाकातून नळी घालणं हे सगळं आलं. सीटी स्कॅन, टोसिलिझुमॅबसारखी महागडी औषधं आणि पीपीई किट मात्र वेगळं. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ काचेपाशी आले. हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं बिल. बायको १४ दिवस दाखल होती, ९ दिवस वॉर्डात आणि ५ दिवस अतिदक्षतेत, आणि आदल्या रात्री गेली होती. शासनाच्या दराने खाटेचे ७३,५०० होत होते. ते बरोबर लावले होते. पण त्याखाली डॉक्टर व्हिजिट २१,०००, नर्सिंग ११,२०० आणि पीपीई किट ५०,४०० अशा ओळी. पहिल्या दोन दरातच आलेल्या. किटांचं मी सिस्टरला बोलावून विचारलं, "एका पाळीत किती किट घालता?" ती म्हणाली, "एकच, सर. काढलं की परत घालायचं नसतं. सहा तास तहान लागली तरी तसंच." तिच्या वॉर्डात बारा रुग्ण. म्हणजे एक किट बारा बिलांवर बारा वेळा चढलं होतं. बाराने भागलं, ४,२०० उरले. एकूण ७८,४०० कमी झाले. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. नुसते कागदाकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "हे तिला सांगायला पाहिजे होतं. तिला खर्चाचीच काळजी होती."

या हिशेबात मी आठ महिने होतो. लोकांचे पैसे वाचले याचं समाधान आहे. पण आता मागे वळून बघताना वाटतं की आम्ही खाटेचा दर ताब्यात घेतला, खाट नाही. खाटेपाशी कोण उभं असणार, ते कुठून येणार, त्याला पगार कोण देणार, याचा आदेशात शब्द नव्हता. क्षमता म्हणजे खाटा मोजणं असा आपला समज झालाय आणि तो फार महागात पडलाय. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. आतल्या लोकांचे तर नक्कीच.

वॉर्डातला मास्तर

काका, धागा काढलात ते फार बरं केलंत.

मी मुंबई महापालिकेच्या शाळेत शिकवतो. २०२० च्या जूनमध्ये प्रत्येक वॉर्डात वॉर रूम झाली. २४ वॉर्ड, २४ वॉर रूम. त्याआधी सगळा भार १९१६ या एका हेल्पलाइन क्रमांकावर होता आणि तपासणीचा अहवाल आला की लोक स्वतःच रुग्णालयं पालथी घालायचे. नव्या पद्धतीत अहवाल आधी वॉर्डाकडे, मग आमचा फोन रुग्णाला, मग खाट. सरकारी, जम्बो (म्हणजे साथीपुरती उभारलेली मोठी तात्पुरती केंद्रं) आणि खाजगीतल्या ८० टक्के, सगळ्या एकाच डॅशबोर्डवर. शिक्षक म्हणून आमच्यातल्या अनेकांना तिथे ड्युटी लागली.

डॅशबोर्ड ही चांगली गोष्ट होती, हे मी मनापासून सांगतो. पण स्क्रीनवर एका खाजगी रुग्णालयात आयसीयूच्या चार खाटा रिकाम्या दिसायच्या आणि फोन केला की तिकडून उत्तर, "सर, बेड आहे, स्टाफ नाही." किंवा "आत्ताच भरला." कोणतं उत्तर खरं आणि कोणतं टाळण्यासाठी, हे दुसऱ्या टोकाला बसून कळत नसे. एका बाईंचा रात्री एक ते चार असा सात वेळा फोन आला होता, वडिलांसाठी. चार वाजता मी त्यांना सांताक्रूझहून मुलुंडच्या जम्बोत पाठवलं. त्या भांडल्या नाहीत, "धन्यवाद सर" म्हणाल्या. तो आवाज अजून कानात आहे.

दुसऱ्या लाटेत १६ एप्रिल २०२१ ची रात्र तर विसरणं शक्य नाही. सहा रुग्णालयांत ऑक्सिजन संपत आला होता आणि एका रात्रीत १६८ रुग्ण रुग्णवाहिकांतून जम्बो केंद्रांत हलवले. हलवायला जागा होती, कारण पहिली लाट ओसरल्यावर मुंबईने जम्बो केंद्रं मोडली नव्हती.

तालुका डॉक्टर

हिशेबनीस, तुमचं काम आवश्यक होतं हे आधी मान्य करतो. किटांचा जो प्रकार तुम्ही सांगितलात तो चुकीचा होता, त्याचं समर्थन करणार नाही. आता काचेच्या या बाजूचं ऐका.

माझं १८ खाटांचं नर्सिंग होम आहे, मी आणि बायको दोघं मिळून चालवतो. "खाजगी क्षेत्र" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शहरातलं काचेचं कॉर्पोरेट रुग्णालय येतं. महाराष्ट्रातलं खाजगी म्हणजे बहुतेक माझ्यासारखी दहा-वीस खाटांची घरं, खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. आमच्याकडे ना ऑक्सिजनची टाकी, ना पूर्णवेळ भूलतज्ज्ञ. एप्रिल २०२१ मध्ये तहसीलदारांचा फोन आला आणि आम्ही कोविड रुग्णालय झालो. रातोरात.

ऑक्सिजनचं गणित सांगतो, कारण ते कागदावर फार कमी लोकांनी मांडलं. जम्बो सिलेंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू. पिशवीचा मास्क लावलेला रुग्ण मिनिटाला १५ लिटर ओढतो. म्हणजे एक सिलेंडर पावणेआठ तास. असे दहा रुग्ण असतील तर दिवसाला तीस सिलेंडर. हाय फ्लो (जास्त वेगाने ऑक्सिजन देणारं यंत्र) लावला आणि मिनिटाला ६० लिटर द्यायला लागलो तर तोच सिलेंडर दोन तासही पुरत नाही. माझ्याकडे एकूण चौदा सिलेंडर होते. सात भरायला गेलेले, सात लावलेले. माझा ड्रायव्हर रिफिलिंगच्या रांगेत टेम्पोतच झोपायचा. दर तासाला त्याला फोन करायचो, "किती नंबर पुढे आहेत?" राज्याचं रोजचं उत्पादन १,२५० टनांच्या आसपास आणि मागणी त्याच्या कितीतरी वर गेलेली. तेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले आणि ते २३-२४ एप्रिलला नागपूर-नाशिकला भरून आले. आम्ही बातम्यांत त्या गाडीचा प्रवास स्टेशन-स्टेशन बघत होतो.

दर ४,००० चा परवडला का? वॉर्डाचा परवडला. आयसीयूचा नाही. माझ्या सहा सिस्टरपैकी तिघी निघून गेल्या, एकीला शहरातल्या रुग्णालयाने तिप्पट पगार देऊ केला, दोघींना घरच्यांनी बोलावलं. मी त्यांना दोष देत नाही. एकीचं बाळ आठ महिन्यांचं होतं. मुद्दा एवढाच की शहरातली खाट वाढली तेव्हा माझ्या तालुक्यातली कमी झाली. सिस्टर तीच, फक्त जागा बदलली.

मुळा-मुठा

डॉक्टर, शेवटचं वाक्य अगदी पटलं. पुण्यात सीओईपीच्या मैदानावर ऑगस्ट २०२० मध्ये ८०० खाटांचं जम्बो उभं राहिलं, तेव्हा आम्हाला केवढा आधार वाटला होता. पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या. डॉक्टर कमी, नातेवाईकांना रुग्णाची खबर मिळत नाही. मग संस्था बदलली, माणसं वाढवली आणि काम सुधारलं. तंबू, पाइपलाइन, एसी तीन आठवड्यांत झालं. नर्स तीन आठवड्यांत होत नाही.

टेम्सकाठ

मी मूळची कोल्हापूरची, गेली सोळा वर्षं लंडनमध्ये नर्स. इथला अनुभव सांगते, तुलना करायला म्हणून नव्हे, पण तुमचा प्रश्न आणि इथला प्रश्न सारखाच निघाला म्हणून.

मार्च २०२० मध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, इंग्लंडमधल्या जवळजवळ सगळ्या खाजगी रुग्णालयांशी करार केला. साधारण ८,००० खाटा, जवळपास १,२०० व्हेंटिलेटर आणि मुख्य म्हणजे २०,००० च्या आसपास कर्मचारी. करारातच माणसं मोजलेली होती. हिशेबनीस काका म्हणतायत तो फरक इथे आहे. त्या खाजगी रुग्णालयांत मग कॅन्सरच्या आणि इतर तातडीच्या शस्त्रक्रिया हलवल्या, म्हणजे मोठी सरकारी रुग्णालयं करोनासाठी मोकळी झाली. तरी सगळं छान झालं असं समजू नका. त्यातल्या बऱ्याच खाटा महिनोन्‌महिने नीट वापरल्याच गेल्या नाहीत आणि पैसे मात्र गेले.

आणि नाइटिंगेल. लंडनच्या प्रदर्शन केंद्रात नऊ दिवसांत रुग्णालय उभारलं, ४,००० खाटांपर्यंत वाढवता येईल असं. ३ एप्रिलला उद्घाटन. पहिल्या लाटेत तिथे ६० सुद्धा रुग्ण आले नाहीत. आयसीयूत एका रुग्णामागे एक नर्स लागते, आणि ती नर्स आमच्याच वॉर्डातून काढून द्यायची होती. आमच्या मेट्रनने तिथे माणसं द्यायला नकार दिला, कारण आमच्याकडेच एकीला तीन-तीन रुग्ण बघावे लागत होते. मी त्या तीन रुग्णांच्या मधे स्टूल टाकून बसायचे.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे सगळ्या वाटा शेवटी बांबोळीला जातात. खाजगीत जमलं नाही की गोमेकॉ, म्हणजे तिथलं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, तालुक्यात जमलं नाही की गोमेकॉ. ११ मे २०२१ ला पहाटे दोन ते सहा या चार तासांत तिथे २६ रुग्ण दगावले. सिलेंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणायचे आणि एक ट्रॉली सोडून दुसरी जोडेपर्यंत दाब उतरायचा. त्याच आठवड्यात २०,००० लिटरची द्रवरूप ऑक्सिजनची टाकी बसवली. माझे मामा त्या रात्री तिथेच होते, वाचले. त्यांच्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ नाही वाचले. टाकी महिनाभर आधी का बसली नाही, हे मामा अजून विचारतात.

सातपुडा

टाकी आधी बसवता येते, याचं उदाहरण आमच्या नंदुरबारचं आहे. महाराष्ट्रातला सगळ्यात मागासलेल्यांपैकी एक जिल्हा म्हणून आमचं नाव नेहमी घेतात. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, स्वतः डॉक्टर, शेजारच्या धुळे जिल्ह्यातले. सप्टेंबर २०२० मध्ये, पहिली लाट उतरायला लागली असताना, त्यांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्लँट बसवला. २०२१ च्या सुरुवातीला आणखी. एप्रिलमध्ये बाकीचे जिल्हे टँकरची वाट बघत होते, तेव्हा आमच्याकडे शेजारच्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून रुग्ण येत होते.

हे कौतुकासाठी लिहीत नाही. लाट ओसरल्यावर खर्च करायला मंजुरी देणं हे फार अवघड असतं, कारण त्या वेळी कुणी मागत नाही. काका लेखापरीक्षणात होते, त्यांना माहीत असेल की अशा खर्चावर पहिला आक्षेप "गरज नसताना खरेदी" असा लागतो.

हिशेबनीस

सातपुडा, अगदी खरं. असे आक्षेप मीही लिहिलेत, करोनाच्या आधी. एका नगरपालिकेच्या दवाखान्यातला न वापरलेला जनरेटर. तेव्हा तो आक्षेप बरोबरच वाटला होता. आज लिहिला नसता.

टेम्सकाठ ताई, तुमच्या करारात माणसं मोजली होती हे वाचून मी थबकलो. आमच्या अधिसूचनेत "खाटा" हा शब्द किती वेळा आला आणि "परिचारिका" किती वेळा, हे पुन्हा बघणार आहे.

अर्जदार

महात्मा फुले योजनेबद्दल कुणी बोललं नाही. २०२० च्या मे महिन्यात ती पिवळं-केशरी-पांढरं सगळ्या शिधापत्रिकांना लागू झाली, दीड लाखापर्यंत मोफत उपचार. ऐकायला फार मोठी गोष्ट, आणि ज्यांना मिळालं त्यांचं घर वाचलं हे खरं आहे. पण रुग्णालय योजनेत अंगीकृत असावं लागतं आणि आजार ठरलेल्या पॅकेजात बसावा लागतो. माझ्या वडिलांचं सॅच्युरेशन ९१ होतं. आरोग्यमित्र म्हणाले, पॅकेजात बसत नाही. दोन दिवसांनी ८२ झालं, तेव्हा बसलं. तोवर आईच्या पाटल्या मोडून झाल्या होत्या.

धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत, हा नियम करोनाच्या कितीतरी आधीचा. उत्पन्नाचा दाखला मागतात, आणि टाळेबंदीत तहसील कार्यालय बंद.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही. एक आठवलं. १८९७ च्या ज्या कायद्याचा वर उल्लेख आलाय तो मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळेच आला. त्याच साथीत सावित्रीबाईंनी डॉ. यशवंतरावांना रजा घेऊन यायला लावलं आणि पुण्याजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. रुग्णाला उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले ते ९ मार्च २०२० ला. ती तारीख वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता. त्या दवाखान्यात खाटा किती होत्या ते कुणी नोंदवलेलं नाही, पण रुग्णापाशी कोण होतं हे आपल्याला सव्वाशे वर्षांनंतरही माहीत आहे.

रातपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. मराठवाडा. सगळे प्रतिसाद वाचून झाल्यावर लिहितेय, थोडं लांबेल.

आमचं रुग्णालय ३० खाटांचं. नियमाप्रमाणे आम्ही बाळंतपणं, सर्पदंश, अपघात बघायचे आणि गंभीर रुग्ण सिव्हिलला पाठवायचे. दुसऱ्या लाटेत सिव्हिल भरलं आणि पाठवायला जागाच राहिली नाही. तीस खाटांवर बेचाळीस रुग्ण होते, बाकीचे व्हरांड्यात गाद्यांवर. रात्री मी, एक मामा (वॉर्डबॉय) आणि एक मावशी (आया). डॉक्टर साहेब एकटे, तेही मधे स्वतः पॉझिटिव्ह झाले.

सिलेंडर बदलायचं काम मामांचं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पान्याने चावी फिरवताना हात सोलून निघायचे. काटा खाली आला की मी टॉर्च धरायची आणि ते चावी फिरवायचे, तेवढ्या मिनिटभरात व्हरांड्यातले सगळे आमच्याकडे बघायचे. एका आजींचा हात मी एका हाताने धरलेला, दुसऱ्यात टॉर्च. मामा कंत्राटी होते, महिन्याला जे हातात पडायचं ते तीन महिने पडलंच नव्हतं. तरी एकही रात्र चुकवली नाही त्यांनी.

आशाताईंचं तर विचारू नका. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मध्ये घरोघरी जाऊन सॅच्युरेशन बघायचं. ज्या घरात ९० च्या खाली दिसायचं तिथून त्या स्वतः रुग्णाला घेऊन यायच्या, ऑटो नाही मिळाला तर मोटारसायकलवर मधे बसवून. पुढे जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांना राज्यभर संप करावा लागला. ज्यांनी माणसं शोधून आणली त्यांना पैसे मागायला रस्त्यावर बसावं लागलं, हे मला आजही सहन होत नाही.

डॉक्टर, तुमच्या सिस्टर गेल्या तशा आमच्याकडे आल्याही. तीन महिन्यांच्या कंत्राटावर चार मुली आल्या, नुकत्या पास झालेल्या. पहिल्या आठवड्यात रडायच्या, दुसऱ्या महिन्यात बायपॅप (श्वासाला मदत करणारं मशीन) लावायला लागल्या. आणि लाट ओसरली तशी त्यांना पत्र आलं, सेवा समाप्त. शिकून तयार झालेली चार माणसं आम्ही घरी पाठवली.

तालुका डॉक्टर

रातपाळी ताई, त्या चौघींपैकी एक माझ्याकडे आली. आजही आहे. आता आयसीयू तीच बघते.

हिशेबनीस

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण गेल्याची बातमी आली, त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्यात कळव्याला १८. तेव्हा ना साथ होती, ना लाट. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे फार चांगलं झालं, पण मोफत झाल्यावर गर्दी वाढणार आणि पदं तेवढीच.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे नंतर ऑक्सिजन प्लँट आला का? आणि पदांची आजची परिस्थिती काय? माहिती अधिकारात अर्ज करून तालुक्या-तालुक्याची मंजूर आणि भरलेली पदं एकत्र करावीत असं मनात आहे. मदत करणारं कुणी असेल तर इथेच सांगा.

वॉर्डातला मास्तर

काका, मी आहे. मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांचे अर्ज मी करतो.

सातपुडा

नंदुरबार, धुळे माझ्याकडे.

रातपाळी

प्लँट आला काका. डिसेंबर २०२१ मध्ये, उद्घाटनही झालं. चालवायला तंत्रज्ञाचं पद मंजूर नाही, म्हणून महिन्यातून एकदा मामाच तो अर्धा तास सुरू करून बघतात, गंजू नये म्हणून. परिचारिकांची सात पदं मंजूर, आज चार भरलेली. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर आहे.

अर्ज करा. उत्तर आमच्याच कार्यालयातून जाईल, आकडे मी स्वतः तपासून देईन. आता थांबते, आठची ड्युटी आहे.